बसल्या जागी

३ जून

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहायचं यात दोन कागद वाया गेले, म्हणून नुसतं 'भाऊजी' लिहिलं आहे. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, असंच आजवर होत आलं आहे. कागदावर मला मध्येच कोणी तोडत नाही.

काल ह्यांच्या कचेरीतल्या कल्याण अधिकारी बाई घरी आल्या होत्या. रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात पुढच्या महिन्यात आरोग्य सप्ताह आहे आणि त्याचे प्रमुख वक्ते तुम्ही आहात, हे मला त्यांच्याकडून कळलं. अभिनंदन. भिंतीवर लावायचा फलकही त्यांनी दाखवायला आणला होता. त्यावर हे आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या वाढदिवसाचा फोटो आहे. हातात बशी, बशीत केक, तोंड अर्धवट उघडं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'यांनी वेळीच ऐकलं असतं तर…'

हा फोटो माझ्याकडे नाही, तुमच्याकडे होता. तो काढल्यावर थोड्याच वेळात तुम्ही ह्यांच्या हातातली बशी काढून घेतलीत आणि पाहुण्यांसमोर म्हणालात, "दादा, लाज वाटू दे जरा." मग तुम्ही निघून गेलात. त्यानंतर तुम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलला नाहीत, आणि मार्चमध्ये हे गेले.

"वाईट वाटून घेऊ नका," बाई म्हणाल्या. "लोकांना जाग यावी, एवढाच हेतू आहे."

"कुणाला?"

"म्हणजे सगळ्यांनाच. तुम्हीच बघा ना, केवढं वाढलं होतं त्यांचं वजन. तोंडावर जरा ताबा असता तर…"

"चहा घेता?"

"घेईन. बिनसाखरेचा."

माझ्या हातून सवयीनं साखर पडली. त्यांनी तो तसाच संपवला. मग म्हणाल्या, "तुमच्या दिरांची सही आलीय. पण पत्नी म्हणून तुमचीही लागेल."

मी म्हटलं, विचार करून सांगते. विचार झालेलाच होता. मी सही करणार नाही, आणि तुम्हीही तुमची मागे घ्यावी असं माझं म्हणणं आहे. माणूस गेला की त्याच्यामागे लोकांच्या तोंडी एक वाक्य उरतं. ह्यांच्यामागे 'तोंडावर ताबा नव्हता' हे वाक्य उरणार नाही. एवढं मी बघणार आहे.

वहिनी

१२ जून

भाऊजी,

उत्तर मिळालं. तुम्ही लिहिता की मी दुःखात आहे म्हणून मला दिसत नाही. दुःखात आहे हे खरं. दिसतं मात्र व्यवस्थित.

तुम्ही लिहिता, 'गणित सोपं आहे वहिनी. जाळतो त्यापेक्षा कमी खायचं. दादा शिकलेला होता.' गणित सोपं आहे हे मला मान्य. ते सोडवायला बसायचं कुठे, ते सांगते.

ह्यांच्या कक्षात एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याला सांगतात: खुर्ची गार होऊ द्यायची नाही. पुढचा माणूस येऊन बाजूला उभा राहिला की मगच उठायचं, म्हणजे फोन क्षणभरही एकटा राहत नाही. नियम चांगला आहे. तुम्हाआम्हाला काही झालं आणि आपण फोन लावला, तर आपल्यालाही तो उचललेला हवा असतो. पण खुर्ची गार होऊ द्यायची नाही म्हणजे त्यात बसलेल्या माणसाने हलायचं नाही. जेवण खुर्चीत, चहा खुर्चीत. कानाला हेडफोन, त्याची तार टेबलाला जोडलेली. एका हातानं खाता येईल तेवढंच खायचं. म्हणजे काय खाता येतं ते तुम्ही मला शिकवू नका: बिस्किटं, पाव, तळलेलं, पुड्यातलं. भाजीचा डबा मी रोज द्यायचे. तो बऱ्याचदा जसाच्या तसा परत यायचा, कारण झाकण उघडलं की फोन वाजायचा.

पाळी दर आठवड्याला बदलायची. शरीराला झोप कधी आणि भूक कधी हे कळेनासं व्हायचं. झोप झाली नाही की हे गोड मागायचे. कोणी आलं नाही की ह्यांनाच थांबवायचे. कक्षात ह्यांना 'टेकू' म्हणायचे ते त्यामुळेच. दुहेरी पाळीला बसणाऱ्याला कचेरीतर्फे जेवणाचं खोकं. ते बक्षीस. त्यात काय असायचं ते मी सांगत नाही, तुम्हीच बघाल कधीतरी.

एकदा वजन चांगलं उतरलं होतं, तुम्हाला आठवेल. तुम्हीच पाठ थोपटली होतीत. मग कक्षातली दोन माणसं नोकरी सोडून गेली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि उतरलेलं सगळं व्याजासकट परत आलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, ह्याचा निश्चय कच्चा. हाच माणूस फोनवर घाबरलेल्या बाईला गाडी येईपर्यंत न थकता धीर द्यायचा. निश्चय किती लागतो आणि कुठे खर्च होतो, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत.

मी मोजणी कार्यालयात नकाशे काढते हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या वस्तीचा नवा नकाशा मीच काढलाय. त्यात घरापासून बसथांब्यापर्यंत सरळ पदपथ आहे. प्रत्यक्षात तिथे गाड्या उभ्या असतात, आणि पुढे तो पदपथ एका दुकानाच्या पायरीत शिरतो. मैदान होतं तिथे आता वाहनतळ आहे. हे तिथेही चालायला जायचे, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर. एकदा पहारेकऱ्यानं हटकलं, "काका, गाडी कुठे लावलीत?" हे म्हणाले, "गाडी नाही, चालतोय." त्याला ते पटलंच नाही. त्यानं ह्यांना बाहेर काढलं.

घरी मी. दोघांच्या वेळा जुळायच्या नाहीत, भेट व्हायची ती ताटावरच. 'अजून थोडं घ्या' हे मी 'कसे आहात' या अर्थानं म्हणायचे आणि हे 'बरा आहे' या अर्थानं घ्यायचे. आमच्यासारख्या न बोलणाऱ्या घरात बोलणं असंच होतं. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

आणि गेल्या वर्षीची गंमत तुम्हाला माहीत नसेल. कचेरीनं सगळ्यांना मनगटी घड्याळं दिली, पावलं मोजणारी. जो जास्त चालेल त्याला बक्षीस. आता खुर्चीतला माणूस चालणार कसा? ह्यांच्या पाळीत मास्तर म्हणून एक सहकारी आहेत, वयानं सगळ्यात मोठे. त्यांनी सगळ्यांची घड्याळं गोळा केली आणि उभ्या पंख्याच्या जाळीला बांधली. पंखा मान डावीकडे-उजवीकडे फिरवत राहिला, घड्याळं पावलं मोजत राहिली. महिनाअखेरीस पहिलं बक्षीस ह्यांना. कल्याण अधिकारी बाईंनीच प्रमाणपत्र दिलं आणि वर म्हणाल्या, "सगळ्यांनी यांचा आदर्श ठेवावा." हे घरी आले, दारातच बसून पोट धरून हसले.

तर एका वर्षी हे आदर्श आणि पुढच्या वर्षी भिंतीवर. दोन्ही वेळा खुर्ची तीच.

तुम्ही हुशार आहात, लोकांचं वजन उतरवता, तुमचे व्हिडिओ हजारो लोक बघतात. मी तुमच्याशी वाद घालून जिंकणार नाही. म्हणून एवढंच सांगते: व्याख्यानाच्या आदल्या दिवशी या. त्या खुर्चीशेजारी एक पाळी बसा. नंतर त्या फलकावर माझी सही हवी असेल तर मी देईन. शब्द देते.

वहिनी

२० जून

भाऊजी,

'येतो. पण माझं मत बदलणार नाही.' एवढ्याशा ओळीसाठी तुम्ही पाकिटावर तिकीट लावलंत, म्हणजे बरंच झालं.

मत बदलायला बोलावलेलं नाही. बसायला बोलावलंय.

मास्तरांना मी भेटून आले. ते म्हणाले, "पाहुण्याला दुसरा हेडफोन लावून देतो, नुसतं ऐकू दे. पण वहिनी, मध्येच उठून व्यायाम करायला लागला तर?" मी म्हटलं, करू द्या, तार पुरेल तेवढा. ह्यांच्या जागी अजून कोणी कायमचा माणूस आलेला नाही, तेव्हा त्याच खुर्चीत बसाल. मोठ्या साहेबांची परवानगी कल्याण अधिकारी बाईंनी काढली. त्यांना वाटतंय, व्याख्यानाची तयारी म्हणून तुम्ही स्वतःहून येताय. वाटू दे.

तुमचा डबा तुम्ही आणा. मी काही देणार नाही. नंतर म्हणाल, वहिनींनी मुद्दाम खायला घातलं.

आणखी एक. बाई मला परवा म्हणाल्या, "छान बारीक झालात हो तुम्ही! काय केलंत?" माझ्या कार्यालयातही दोघींनी विचारलं. मी म्हटलं, "जेवायला समोर माणूस नाही." पण बघा, माझं वजन आत्ता तुमच्या तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर आहे. इतकी आजारी मी आयुष्यात कधी नव्हते.

वहिनी

९ जुलै

भाऊजी,

सुखरूप पोचलात हे कळलं.

तुम्ही तिथे होतात, तरी मी लिहिते आहे. मास्तरांनी सांगितलेलं आणि मी पाहिलेलं एका कागदावर आलं की मला बरं वाटतं. माझं कामच ते आहे. काही चुकलं असेल तर कळवा.

मास्तर म्हणाले, तुम्ही आलात ते ताठ. खुर्चीची उंची नीट करून घेतलीत, पाठ कशी ठेवावी ते मास्तरांना शिकवलंत. त्यांनी ऐकून घेतलं. डब्यात उकडलेली अंडी आणि काकडी होती. चहावाला आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "मला बिनसाखरेचा." तो म्हणाला, "साहेब, किटली एकच असते." तुम्ही घेतला नाहीत. दुसऱ्यांदा आला तेव्हा घेतलात.

जेवायच्या वेळी एका माणसाचा फोन आला. त्याचे वडील न्हाणीघरात पडले होते. मास्तर त्याला छाती दाबायला सांगत होते, एक, दोन, एक, दोन, आणि तुम्हीही टेबलावर हात दाबत होतात, हे मास्तरांनी पाहिलं. गाडी पोचली. म्हातारा वाचला की नाही ते कक्षाला कळत नाही, कधीच कळत नाही. लगेच पुढचा फोन. तुमचा डबा तसाच राहिला. बऱ्याच वेळानं मास्तर म्हणाले, "अरे, बिस्किटांचा पुडा कोणी संपवला?" आणि तुम्ही आपल्या हाताकडे बघितलंत. शर्टावर चुरा होता.

"मी?"

"इथे दुसरं कोण आहे? टेकू तर गेला."

मास्तर म्हणतात, असं बोलल्याचं त्यांना लगेच वाईट वाटलं. पण तुम्ही हसलात. ह्यांच्यासारखं, म्हणे, आवाज न करता, नुसतं पोट हलवून. फरक एवढाच की तुम्हाला पोट नाही.

मग पुढच्या पाळीचा माणूस आलाच नाही. मास्तरांना थांबावं लागलं. तुम्हाला जाता आलं असतं. तुम्ही थांबलात. बक्षिसाचं खोकं आलं आणि तुम्ही ते शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लंत. बोटंही चाटलीत असं मास्तर म्हणतात. एवढं मात्र मला खरं वाटत नाही, त्यांना मीठमसाला लावायची सवय आहे.

दुसऱ्या दिवशीचं मी स्वतः पाहिलं. सभागृह वरच्या मजल्यावर होतं. पहिल्या रांगेत मोठे साहेब, बाई आणि मी. प्रत्येक खुर्चीवर अल्पोपाहाराचं खोकं ठेवलेलं. पडद्यावर ह्यांचा तो फोटो आला. तुम्ही माईकसमोर उभे राहिलात आणि इतका वेळ गप्प होतात की माईक बंद पडलाय असं वाटून बाई उठल्या.

मग तुम्ही विचारलंत, "इथे नियंत्रण कक्षातले कोण आहेत?"

कोणी हात वर केला नाही.

"कोणीच नाही?"

मोठे साहेब म्हणाले, "ते ड्युटीवर आहेत ना. त्यांना उठता येत नाही. आपण व्याख्यान चित्रित करतोय, त्यांना पाठवू."

"म्हणजे ते बसून बघतील," तुम्ही म्हणालात.

मागे कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, आणि मग हळूहळू कोणीच हसेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "हा फोटो मी दिला. बशी दिसते म्हणून दिला. खुर्ची दिसत नाही. काल मी त्या खुर्चीत बसलो. मला वाटायचं, दादा ऐकत नाही. दादाचं दिवसभर कामच ऐकायचं होतं." आणि पडदा बंद करायला सांगितलंत. एवढंच. तुमचं एवढं छोटं भाषण मी पहिल्यांदाच ऐकलं.

साहेबांनी मला विचारलं, "ताई, आपल्याला काही बोलायचंय?" मला चार लोकांत बोलायची सवय नाही. पण काय हवं ते ठरलेलं होतं. मी म्हटलं, "जेवणाच्या वेळी एकेकाला उठवून त्याच्या जागी बसणारा एक माणूस द्या. आणि जेवायला खुर्चीपासून लांब एक टेबल."

"ताई, कल्पना चांगली आहे, पण आमच्याकडे आधीच एक माणूस कमी आहे."

"हो," मी म्हटलं. "तो माझा होता."

फलक बाईंनी स्वतः गुंडाळून माझ्या हातात दिला. मी तो घरी आणून कपाटाच्या खणात उलटा अंथरला आहे. कागद जाड आहे, वाया कशाला घालवायचा.

बसथांब्यावर तुम्ही मला विचारलंत, "वहिनी, दादा माझ्यावर रागावूनच गेला का?" आणि मी म्हटलं, "पाण्याची बाटली घेतलीत ना?" तुम्हाला वाटलं असेल, मी टाळलं. टाळलं नाही. मला माहीत नव्हतं. ह्यांनी घरात तुमचा विषय काढला नाही, रागानं नाही आणि मायेनंही नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी खोटं लिहिणार नाही. कळलं तर कळवीन.

वहिनी

२ ऑगस्ट

भाऊजी,

हुकूम निघाला. 'प्रायोगिक तत्त्वावर' असं वर लिहिलंय, पण निघाला. जेवणाच्या वेळी जागा सांभाळायला एक मुलगी घेतली आहे आणि खिडकीशी टेबल मांडलं आहे. पहिल्या दिवशी मास्तरांना उठवलं तर ते टेबलाशी गेले, डबा खाल्ला आणि लगेच परत येऊन तिच्यामागे उभे राहिले. ती म्हणाली, "काका, तुमची वेळ अजून आहे." ते म्हणाले, "उभं राहून करायचं काय असतं?" आता शिकताहेत. जिन्यानं खाली जाऊन येतात. वजन अजून कोणाचं उतरलेलं नाही. चहाची किटलीही एकच आहे, तिच्यामागे मी लागणार आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मास्तरांनाच विचारलं. ते म्हणाले, "राग? वहिनी, तुम्हाला माहीत नाही?"

ह्यांची सकाळची पाळी असली की फोन कमी असायचे. तेव्हा हे मोबाइल टेबलाला टेकवून ठेवायचे, आवाज अगदी बारीक, आणि तुमचे व्यायामाचे व्हिडिओ लावायचे. ती भांडणानंतरची दोन वर्षं, जवळजवळ रोज. तुमच्याबरोबर हात वर, हात खाली, मान इकडे, मान तिकडे, श्वास आत, श्वास बाहेर. कक्षातल्या नव्या लोकांना वाटायचं, साहेबांची पाठ दुखतेय. कोणी विचारलं तर म्हणायचे, "धाकट्याचा वर्ग आहे. चुकवून चालत नाही."

तुमचा प्रत्येक व्हिडिओ 'चला, उठा, उभे राहा' असा सुरू होतो. तो शब्द आला की हे हेडफोनच्या तारेकडे बघायचे, आणि पडद्यावरच्या तुम्हाला म्हणायचे, "ते जमणार नाही रे बाळा. पुढचं सांग."

वहिनी